हरभरा कोणाच्या खिशात

आमच्या जठारपेठेत कुणाकडे मुलगी झाली की इंगोले सर न बोलावता येतात. बाळाकडे बघत नाहीत, पेढा घेत नाहीत. दारातूनच ओरडतात, "आजीले बलवा!"

आजी आली की सरांच्या खिशातून तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे निघतात. ते टीपॉयवर मांडून सर सुरू होतात. "हे पाहा. आईजवळ दोन दाने, दोन्ही तुरीचे. बापाजवळ एक तुरीचा, एक हरभऱ्याचा. दोघंबी लेकराले एकेक दाना देतात. दोन तुरी जमल्या का पोरगी, हरभरा आला का पोरगा. मंग हरभरा हाये कोनाच्या खिशात? बापाच्या! सुनेले कावून बोलून रायल्या?"

सरांनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. घामाघूम होऊन भाजी आणणाऱ्या बाईला ते भर उन्हात थांबवून घामाच्या ग्रंथी समजावतात. पानठेल्यावर कुणी पिचकारी मारली की म्हणतात, "थुंकतो काय बे? थे पचनाची पयली पायरी हाये!" भलतं वैतागवाणं प्रकरण. ते लांबून दिसले की लोक गल्ली बदलतात. मीही बदललेली आहे.

आज्यांना तर ते डोळ्यांसमोर नको असतात. एकीने सरांचं बोलणं संपेपर्यंत दम धरला आणि सगळे दाणे उचलून आपल्या डब्यात टाकले. मागच्या गल्लीतल्या एका बापाने मात्र अगदी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मंग सर, माह्याकडून नेमका हरभराच जावा, असा काही उपाय?"

"हाये ना. कासव हो. त्याइच्यात पोरगा का पोरगी हे अंड्याच्या गरमीवर ठरते. पन अकोल्याच्या उन्हात साऱ्या पोरीच होतीन, सांगून ठेवतो."

ते दार सरांना कायमचं बंद झालं.

मग मला दुसरी मुलगी झाली. सासूबाईंनी दवाखान्यातच सुरुवात केली, "आता तिसऱ्या टाइमले तरी." मला तिसरं नको होतं. नवऱ्याला तसं स्पष्ट सांगितलंही होतं. नवरा माझा बी. फार्म. झालेला, स्वतःचं औषधांचं दुकान आहे. त्याला हरभरा-तूर मांडून दाखवायची गरज नव्हती. पण आई बोलायला लागली की तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा, आणि मी आत उशीत.

सर आले तेव्हा मी आतल्या खोलीत बाळाला घेऊन पडले होते. पडद्याच्या फटीतून बैठक दिसत होती. सरांनी दाणे मांडले, सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमाले तर तिन्ही पोरीच ना? तुमच्या खिशात नव्हता काय हरभरा?"

इंगोले सर टीपॉयवरचे दाणे वेचून खिशात टाकू लागले. प्रश्न आला आणि सरांनी धडा आवरला, हे आमच्या गल्लीत कधी घडलं नव्हतं. त्यांची बायको अमरावतीला थोरल्या मुलीकडे राहते, एवढंच आम्हाला माहीत होतं. अशा माणसाजवळ कोण राहील, असं म्हणून आम्ही हसायचो.

मग सर बोलले, पण सासूबाईंशी नाही. माझ्या नवऱ्याकडे बघून.

"माही माय बायकोले रोज बोले. तिन्ही पोरी झाल्या तवा बोलली, मंगबी बोलली. मी पुढच्या खोलीत शिकवनी घेत होतो. माय तिथंच बसून राये, बायको सैपाकघरात. मी काई बोललो नाई. मायची तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी बायको लेकीकडं निंगून गेली. मी आनाले गेलतो. म्हटलं, आता मी साऱ्याइले सांगत फिरतो ना. तर म्हने, 'तवा कावून नाई सांगतलं? दरसाली मी सैपाकघरात कान देऊन बसत होती. पोरगा-पोरगीचा तो धडा आला का तुमी आवाज लहान करत होते.'"

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला आणि आईकडे बघून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं म्हन," सर म्हणाले. "आतमंदी ऐकू गेलं पायजे."

तो पुन्हा म्हणाला, "आई, तिसरं नाई पायजे आमाले. तिले बोलू नको आता." या वेळी मला ऐकू आलं. बरं वाटलं. आणि त्याहून जास्त राग आला, की एवढं एक वाक्य माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघायला शेजारच्या म्हाताऱ्याला आपलं घर उघडं करावं लागलं.