सूनबाईंच्या रहिवासाची चौकशी

सरकारी कागद म्हणजे आपल्या हातचा मळ, असं सूर्यभान तात्या छाती पुढे काढून सांगायचे. तीस वर्षं ते नगरला पंचायत समितीत शिपाई होते. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस झोपतो आणि त्याला जागं कसं करायचं, हे साहेबांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असा त्यांचा दावा होता. ते साहेब केव्हाच बदलून गेल्यामुळे दावा खोडून काढायलाही कोणी उरलं नव्हतं. म्हणून एकुलत्या एका मुलानं, वैजनाथनं, थेट लिथुआनियातून बायको आणली तेव्हा सगळी वाडी मोबाईलच्या नकाशावर तो देश शोधत बसली आणि तात्या तेवढे निवांत राहिले.

"देश कुटला का आसंना," ते म्हणाले, "तिची इथं राहायची मुदत वाढवायची म्हंजे अर्जच करायचा ना? मग मी हाय."

सुनेचं नाव रूता. हे तिचं तिकडचंच नाव, पण राळेगणच्या अलीकडच्या त्या वाडीत ते इतकं सहज रुळलं की महिन्याभरात लोक तिचं परदेशी असणं विसरून गेले. सासूच्या, म्हणजे राहीबाईंच्या हाताखाली ती भाकरी शिकली, मराठी शिकली, आणि शेजारच्या लंकाबाईंच्या ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीची उणीदुणीही शिकली. विसरलं नव्हतं ते फक्त सरकार. तिच्या व्हिसाची मुदत महिनाअखेर संपत होती. वाढीचा अर्ज ऑनलाइन भरून झाला होता. ती खरोखर दिलेल्या पत्त्यावर राहते का, याची पोलिसांनी येऊन चौकशी करायची आणि अहवाल वर पाठवायचा, एवढंच बाकी होतं.

अहवाल उलटा गेला तर तिला देश सोडावा लागणार आणि तिच्यामागे वैजनाथही जाणार, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. सात वर्षांनी पोरगा परत आला होता. सुप्याच्या कारखान्यात नोकरी धरून रोज संध्याकाळी घरी जेवायला येत होता. त्याचं ताट पुन्हा फळीवर चढू नये, एवढंच तात्यांना हवं होतं. पण तसं चारचौघांत कबूल करतील तर ते तात्या कसले.

तात्यांच्या अनुभवानुसार चौकशी आपणहून येत नसते, तिला जाऊन आणावं लागतं. म्हणून सोमवारी सकाळी त्यांनी जुना सफारी चढवला, फाइल बगलेत मारली आणि एसटीनं पोलीस ठाणं गाठलं. तिथं दीड तास बाकावर बसल्यावर कळलं की चौकशीचे हवालदार फिरतीवर गेलेत.

"कुटं?" तात्यांनी विचारलं.

"तुमच्याच वाडीला," ठाणे अंमलदार म्हणाला.

इकडे हवालदार मच्छिंद्र साध्या कपड्यांत मोटारसायकलवरून वाडीत पोचले होते. तात्यांच्या दाराला कुलूप होतं, कारण राहीबाई रानात गेलेल्या. मग त्यांनी पारावर बसलेल्या कारभारी नावाच्या शेजाऱ्याला विचारलं, "इथं कोणी फॉरेनची बाई राहते का?"

आता वाडीचा एक जुना शिरस्ता आहे. अनोळखी माणूस वही काढून कोणाची चौकशी करू लागला की तो कोणी वाडीत नसतो. मग विचारणारा वीज मंडळाचा असो, मोजणीचा असो नाहीतर पोलीस. आधी नाही म्हणायचं आणि काम काय होतं ते मागाहून विचारायचं. यात कोणाचं वाईट करायचा हेतू नसतो, उलट हा शेजारधर्मच असतो.

"फॉरेनची?" कारभारीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आमच्याकडं पुन्याची सुदीक कोनी न्हाई."

लंकाबाईंनी ओट्यावरून हे ऐकलं होतं. त्यांच्याजवळ बसून रूता मटकी निवडत होती. लंकाबाईंनी तिला दंडाला धरून आत ओढलं, डोक्यावर पदर घातला, चुलीकडे तोंड करून बसवलं आणि पुढ्यात परात सरकवली. मग पोलीस म्हणून ओळख देत दाराशी रूताचं नाव विचारणाऱ्या हवालदारांना सांगितलं, "रूता? आसली कोन ऐकिवात न्हाई. आत व्हय? आत माझी भाची हाय, शिरूरची. बोलत न्हाई ती, मुकी हाय."

आत रूताच्या कानावर 'पोलीस' एवढाच शब्द पडला; तिला वाटलं, ते लंकाबाईंनाच धरायला आलेत. इतकी चांगली बाई, काय केलं असेल कोण जाणे, पण आपल्या तोंडून एक शब्द जाता कामा नये, असा निश्चय करून ती जिवाच्या करारानं भाकरी थापत राहिली. हवालदारांनी दोन्ही जबाब लिहिले, खाली दोघांच्या सह्या घेतल्या आणि निघून गेले. जाताना वहीत शेरा मारला: सदर महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नसून शेजारी तिला ओळखत नाहीत.

तात्या परत आले तेव्हा लंकाबाई फाट्यापर्यंत सामोऱ्या आल्या होत्या. "तात्या, तुमची सून वाचिवली बरं का आज," त्या म्हणाल्या, आणि सगळी हकिगत मीठमसाला लावून सांगितली.

तात्यांनी तिथल्याच दगडावर बसकण मारली. घरी आल्यावर राहीबाईंनी विचारलं, "अवं, पानी देऊ का?"

"पानी नको," तात्या म्हणाले. "लंकाबाईची सही तेवढी मागं आनून दे."

मंगळवारी ते पुन्हा ठाण्यावर गेले. हवालदार माणूस चांगला होता. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "उद्या दुपारी पुन्हा येतो. अहवाल उद्याच पाठवायचाय, त्याच्या पुढं माझ्या हातात काही नाही. पण या वेळेस लोकांना खरं ते सांगायला सांगा."

तात्यांनी संध्याकाळी गल्ली गोळा केली. खरं ते सांगा, एवढंच म्हणाले असते तर निभावलं असतं. पण तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना शिकवलं होतं की सरकारला हळू सांगितलेलं ऐकू जात नाही. "ती हितलीच हाय, असं दनकून सांगा," ते म्हणाले. गल्लीला आधीच फार वाईट वाटत होतं. केलेली चूक व्याजासकट फेडायची, असं प्रत्येकानं मनाशी ठरवलं.

बुधवारी हवालदारांनी तात्यांच्या अंगणात वही उघडली. पहिला कारभारी पुढे झाला.

"रूताबाई इथं राहतात का?"

"राहतात म्हंजे? वीस वर्सं झाली."

"त्यांचं वय अठ्ठावीस आहे."

"मग ल्हानपनीच आली आसंल," कारभारी म्हणाला. तात्यांनी मागून त्याचा सदरा ओढला, त्याचा अर्थ त्यानं अजून जोर लाव असा घेतला. "लई जागरूक बाई, साहेब. मागच्या ग्रामपंचायतीला मतदानाच्या लायनीत सकाळी सातला हजर."

हवालदारांचं पेन थांबलं. कारभारी एकटाच सगळं पुण्य घेऊन जातोय, हे बघून लंकाबाई मध्ये पडल्या. "आन् कष्टाळू किती म्हनून सांगू. कांद्याच्या सुगीत रोज रानात. चार बायांचं काम एकली उरकती, कुनालाबी इचारा."

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. "तात्या, परदेशी नागरिकानं मतदान केलं तर तो गुन्हा होतो. या व्हिसावर मोलमजुरी केली तर व्हिसा रद्द होतो. तुमची माणसं सुनेला ठेवून घेतायत का पाठवून देतायत?"

एवढ्या वर्षांत तात्यांनी टेबलापुढं उभी राहिलेली रडवेली माणसं पाहिली होती, आज आपली वेळ आलीय हे त्यांना कळलं. राहीबाईंनी तर पदर डोळ्यांना लावलाच. तेवढ्यात शिरूरची मुकी भाची चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि बोलू लागली.

"साहेब, वीस वर्सं न्हाई, अकरा महिने. मी मतदान केलं न्हाई. लंकाबाईंच्या सोबतीला लायनीत हुते, शाळेच्या दारातनं मागं आले. कांदा आमच्याच रानातला. मजुरी मिळाली न्हाई."

"मग काय मिळालं?"

"बोलनी," रूता म्हणाली आणि तिनं राहीबाईंकडे पाहिलं. "पात लई आखूड कापली म्हनून."

राहीबाईंनी पदर डोळ्यांवरून तोंडावर घेतला. हवालदारांनी रूताला नीट निरखलं. "परवा चुलीपाशी तुम्हीच ना?"

"व्हय. मला वाटलं, तुमी लंकाबाईंना न्यायला आलाय."

हवालदार चहा सांडेपर्यंत हसले. मग त्यांनी तिचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कागद, सगळं तपासून वहीत उतरवलं. "छान. या इथं राहतात यात शंका नाही. आता ज्यांच्या घरी राहतात त्यांचा रहिवासाचा पुरावा द्या, म्हणजे झालं."

तात्यांना हायसं वाटलं. हा आपला प्रांत. त्यांनी ऐटीत फाइलची नाडी सोडली आणि आधार कार्ड पुढं केलं.

"यावर पत्ता नगरच्या केडगावचा आहे."

"वैजूच्या शाळेसाठी तिथं खोली घेतली हुती," तात्या म्हणाले. "बदलायचं राहिलं." मग त्यांनी मतदार कार्ड दिलं, तेही केडगावचं निघालं. रेशन कार्ड केडगावचं. राहीबाईंचं आणि वैजनाथचं आधारही केडगावचंच. शेवटी तात्यांनी वीजबिल काढलं.

"हे कानिफनाथ कोण?"

"माझे वडील. घरबी त्यांच्याच नावावर हाय."

"मग बोलवा त्यांना."

"त्यांना जाऊन बारा वर्सं झाली."

"बिल मागच्या महिन्याचं आहे."

"नाव बदलायचं राहिलं," तात्या पुटपुटले.

हवालदारांनी सगळे कागद ओळीनं मांडले. "म्हणजे कागदावर या घरात दोनच माणसं राहतात," ते म्हणाले. "एक स्वर्गवासी आणि एक परदेशी."

"मग आता कसं, साहेब?" तात्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की राहीबाईंनी चमकून पाहिलं.

"तुम्ही इथं राहता असं लिहून देणारा एक साक्षीदार द्या. भागवून घेतो."

कारभारी आणि लंकाबाई एकदम पुढे सरसावले. हवालदारांनी वहीची दोन पानं मागं उलटली, तिथल्या सह्या पाहिल्या आणि पुन्हा पुढं आले. "तुम्ही दोघं आता बसा. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा आणि ज्याचा या पत्त्यावरचा रहिवास सिद्ध झालाय, असं इथं एकच माणूस आहे."

आणि त्यांनी दोन ओळी लिहून वही रूतापुढे सरकवली.

रूतानं खुर्चीवर बसून मजकूर बोट ठेवून वाचला. तीस वर्षांच्या सवयीनंच तात्या हात जोडून तिच्या खुर्चीशेजारी उभे राहिले होते. मोकळ्या सोडलेल्या जागेपाशी तिचं बोट थांबलं.

"तात्या, हितं किती वर्सं राहता? खरं ते सांगा, मला सही करायचीय."

"चार," तात्या खाली मान घालून म्हणाले. "रिटायर झाल्यापासनं."

तिनं चार लिहिलं, खाली सही केली, आणि सूर्यभान तात्यांना त्यांच्या बापाच्या घरात राहायला लिथुआनियाची मंजुरी मिळाली.