शाळेतला किंचित फेरफार

काहीही होवो, हा धडा फसणार नाही! फिलिपा ट्रेंगोव्हने हे आरशाला सांगितलं, मांजराला सांगितलं आणि ॲडलेडपासून लांबच्या बेरामुक गावातल्या प्राथमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा ओतता ओतता सगळ्यांना दोनदा ऐकवलं. धडा होता 'बदल' या अर्थाच्या शब्दांचा आणि त्यांच्या छटांचा. या लोकांच्या इंग्रजीत असले शब्द पोत्याने आहेत. आपण आपले मराठीतले घेऊन भागवू.

फिलिपाला हा धडा फसून चालणारच नव्हतं. सात वर्षं ती कंत्राटावर शिकवत होती. दर डिसेंबरात शाळेच्या वर्षाबरोबर कंत्राट संपायचं, जानेवारीत पुन्हा मिळायचं, आणि मधले आठवडे बाई नखं खात काढायच्या. यंदा मात्र एक कायम जागा निघाली होती! शुक्रवारी शाळा पालकांसाठी खुली असणार, त्याच दिवशी शिक्षणखात्याच्या मिसेस पॅस्को तिचा वर्ग तपासणार, आणि वर मुख्याध्यापक लिंडसे शर्मरची शिफारस लागणार.

तिने वेन निश्कीच्या हार्डवेअरच्या दुकानातून रंगांची शेडकार्डं उचलली. एक-दोन नाही, चांगली तीस!

"काय गं, अख्खं चर्च रंगवायला घेतलंस की काय?" वेनने विचारलं.

"न्हाणीघर रंगवायचंय," फिलिपा धडधडीत खोटं बोलली.

प्रत्येक कार्डावर पाच चौकोन. वर सगळ्यात फिका, खाली सगळ्यात गडद. मुलांनी एकेका चौकोनात एकेक शब्द बसवला: फरक, फेरफार, बदल, कायापालट आणि तळाला उलथापालथ.

"मिस, केस कापले तर?"

"फरक!"

"आणि टक्कल केलं तर?"

"कायापालट!" अख्खा वर्ग ओरडला.

"आणि टक्कल आईने केलं तर?"

"उलथापालथ!"

फिलिपा खूश. "शाब्बास! आता प्रत्येकाने आपापलं कार्ड भरायचं. उदाहरणं घरातली हवीत. आणि खरी हवीत हं, बनवाबनवी नको!"

हे शेवटचं वाक्य बाईंनी गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण गिळायची सवय शिक्षकांना कुठली!

शुक्रवारी सकाळी मुलांनी कार्डं स्वतःच व्हरांड्याच्या भिंतीवर लावली. खात्याला ते आवडतं. सगळं मुलांनी केलेलं दिसावं लागतं. फिलिपाने वरचे दोन-दोन चौकोन वाचले, अक्षर बरं आहे म्हणाली आणि मिसेस पॅस्कोंसाठी धुतलेला कप शोधायला पळाली. खालचे चौकोन मुलांच्या उंचीला होते. तिथवर वाकायला वेळ कुणाला होता?

पालकांना मात्र वेळच वेळ होता. हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज घेऊन ते भिंतीशी वाकले. पहिला हशा वेनच्या मुलाच्या कार्डापाशी झाला.

'फरक: आईने साखर सोडली. फेरफार: आईने टीव्हीची जागा हलवली. बदल: बाबा शेडमध्ये झोपतात. कायापालट: आई गाणी म्हणते.'

वेनचा चेहरा त्याच्याच दुकानातल्या लाल रंगाला लाजवील असा झाला. "मला घोरायची सवय आहे, म्हणून!" तो ओरडला. कुणी विचारलं नव्हतं.

"घोरणं शेडमधूनही ऐकू येतं रे," बेरिल हार्टविग आजी म्हणाल्या. या बाई म्हणजे गावच्या कृषी प्रदर्शनात फ्रूटकेकचं पहिलं बक्षीस सलग अकरा वर्षं घेणाऱ्या. त्यांची नात लगेच बोट दाखवून म्हणाली, "आजी, हे माझं कार्ड!"

वेनने ते मोठ्याने वाचलं. सोडतोय कशाला! "'बदल: आजी आता केक बेकरीतून आणते आणि आपल्या डब्यात घालते.'"

व्हरांड्यात सॉसेज चावणारी सगळी तोंडं थांबली. मग दरवर्षी दुसरं बक्षीस घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अकरा वर्षं!" आणि त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. बाईंनी पिशवी खाली ठेवली की समजावं, आता त्या जायच्या नाहीत.

फिलिपा धावत आली तेव्हा मिसेस पॅस्को भिंतीशी उभ्या राहून वहीत भराभर लिहीत होत्या.

तेवढ्यात लिंडसे शर्मर भाषणाला उभा राहिला. हा माणूस आग लागली तरी 'तापमानात थोडी वाढ' म्हणणारा. "मित्रहो, मी पत्रात कळवलंच आहे की पुढच्या वर्षी शाळेच्या व्यवस्थेत किंचित फेरफार संभवतो..."

पत्र सगळ्यांना मिळालं होतं. सगळ्यांना वाटलं होतं, गणवेशाच्या टोप्यांचा रंग बदलणार.

"थांब लिंडसे!" वेन भिंतीपासून ओरडला. भाजलेला माणूस तो, दुसऱ्यालाही पोळवल्याशिवाय राहतो का? "तुझ्या हॅटीचंही कार्ड आहे इथे! ऐका! 'फरक: बाबांनी मिशी काढली. फेरफार: बाबा फोन घेऊन गॅरेजमध्ये जातात. बदल: आम्ही ॲडलेडला घर बघितलं. कायापालट: माझी खोली जांभळी होणार. उलथापालथ: नाताळात शाळा कायमची बंद. हे कुणाला सांगायचं नाही.'"

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका! लिंडसेने दोन्ही हात वर केले. "बंद नाही, बंद नाही! शेजारच्या गावच्या शाळेत समावेशन! एक प्रकारचं... संक्रमण! मुलं बसने जातील, फक्त पन्नास किलोमीटर!"

"आणि ही इमारत?" कुणीतरी विचारलं.

"तिची... भूमिका बदलेल."

एकेक करून सगळ्या वर्गाचे हात वर गेले.

"मिस्टर शर्मर, तुम्ही फिक्या चौकोनात लिहिताय!"

"शाळाच नाही म्हणजे सगळ्यात खालचा!"

"बाबा, बनवाबनवी नको," हॅटी गंभीरपणे म्हणाली.

लिंडसे फिलिपाच्या कानाशी आला. "सांग त्यांना, हा फेरफारच आहे. शिफारस अजून माझ्या टेबलावर आहे, सही व्हायचीय."

आता आली का पंचाईत! सात वर्षांची नखं फिलिपाच्या डोळ्यांसमोरून गेली. होय म्हटलं तर नोकरी, नाही म्हटलं तर पुन्हा तो जानेवारी. तिला लिंडसेचा राग आला, स्वतःच्या भीतीचा त्याहून जास्त आला, आणि समोर मुलं हात वर करून तिच्याचकडे बघत होती. तिनेच शिकवलं होतं ना!

"हॅटीचं बरोबर आहे," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "उलथापालथ. सगळ्यात गडद."

लिंडसे पांढराफटक पडला. मिसेस पॅस्कोंनी वही मिटली आणि त्या तडक निघून गेल्या. फिलिपाने त्या रात्री उरलीसुरली नखंही संपवली.

तीन आठवड्यांनी खात्याचं पत्र आलं. नखं उरली नव्हती, म्हणून ते तिने दातांनीच उघडलं. मिसेस पॅस्कोंनी लिहिलं होतं: 'अर्थछटांची इतकी अचूक जाण मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. मुख्याध्यापकांच्या शिफारशीची गरज वाटत नाही.' खाली शिक्का: कायम नेमणूक!

फिलिपा स्टाफरूमभर नाचली. मांजर घरी होतं, म्हणून फोटोकॉपी मशीनला मिठी मारली. मग पत्र पुन्हा वाचलं आणि नाचता नाचता थांबली. 'नेमणुकीचं ठिकाण: बेरामुक प्राथमिक शाळा. रुजू होण्याचा दिवस: पुढील वर्षाच्या पहिल्या सत्राचा पहिला दिवस.'

तिने खात्यात फोन लावला.

"अभिनंदन हं!" पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

"आभारी आहे. पण अहो, ही शाळा तर नाताळात बंद होतेय!"

कागद चाळल्याचा आवाज आला. "हो, होतेय खरी."

"मग मी कुठे कायम?"

"तिथेच! वर्ग नसेल, मुलं नसतील, दाराला कुलूप असेल," बाई धीर देत म्हणाली, "पण तुम्ही अगदी निश्चिंत राहा. तुमच्या नेमणुकीत आता कसलाही बदल होणार नाही!"