मादाम ग्रेटा यांचे बारा नियम

शिशुगृहात तीस जागा होत्या आणि अर्ज आले होते दोनशे चौदा. एवढ्यावरून कुणीही म्हणेल की आणखी एक शिशुगृह बांधायला हवं. पण नगरपालिकेच्या बालप्रवेश विभागाने प्रश्न मुळापासून हाताळायचं ठरवलं आणि अर्ज कमी कसे करता येतील यावर विचार सुरू केला. पूर्वी प्रवेश ओळखीने मिळत असे. परंतु गाव इस्राएलच्या दक्षिणेकडचं, लहान, एलातची बस जिथे न थांबता पुढे जाते असं. त्यात जो तो ज्याच्या त्याच्या ओळखीचा. त्यामुळे ही पद्धत बंद पडली. नवा निकष हवा होता. तो विभागप्रमुखांच्या घरी, फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला सापडला.

एका साप्ताहिकाच्या पुरवणीतलं ते कात्रण होतं : ‘नीटनेटक्या घराचे बारा नियम’, लेखिका मादाम ग्रेटा. विभागाचा युक्तिवाद बिनतोड होता. जिथे हे नियम पाळतात ते घर नीटनेटकं, नीटनेटक्या घरातलं मूल शिस्तीचं, आणि शिस्तीचं मूल शिशुगृहात रडत नाही. बारा नियमांना शंभर गुण वाटून दिले गेले, पास व्हायला साठ ठेवले गेले, आणि तपासणीस घरोघर येतील असं जाहीर झालं.

हे वाचून गावात सगळ्यांत जास्त घाबरली ती सोफी चेऊलकर. कारण मादाम ग्रेटा म्हणजे तीच.

सोफी अठ्ठावीस वर्षांची. आईबाप मुंबईहून आलेले बेने इस्राएल ज्यू, ती मात्र इथेच जन्मलेली, इतिहास घेऊन पदवी मिळवलेली. नवरा शमशोन बाटल्यांच्या कारखान्यात, मुलगा एलाद दोन वर्षांचा, आणि घरात सासूबाई शेगुलाबाई. सोफी घरी बसून जुन्या वस्तू, घराची सजावट आणि घरगुती युक्त्या यांवर लेख लिहीत असे. युक्त्या सासूबाईंच्या, जुन्या वस्तू वाचनालयातल्या, आणि सजावट कल्पनेतली. कारण घरात पडदे दोनच होते आणि त्यांतल्या एकामागे एलाद लपत असे.

पहिला लेख घेऊन गेली तेव्हा संपादक मेइरने तो दोनदा वाचला होता. "लेख फक्कड आहे," तो म्हणाला. "पण जुन्या कपाटाबद्दल तुझ्यासारख्या पोरीचं कोण ऐकणार? तू साठ वर्षांची हो. आणि व्हिएन्नाहून ये."

त्याप्रमाणे सोफी व्हिएन्नाहून आली. लेखावर चष्म्याच्या दुकानाच्या कॅलेंडरवरच्या एका चंदेरी केसांच्या बाईचा फोटो लागला. सासूबाईंच्या युक्तीतली चिंच काढून मेइरने लिंबू घातलं, कारण व्हिएन्नाला चिंच मिळत नाही. एकदा सोफी दूध उतू जाताना धावली तेवढ्यात एलादने कळफलकावर बसून अर्धी ओळ टाइप केली. मेइरने ती जर्मन समजून जशीच्या तशी छापली, आणि तिघा वाचकांनी ती फार भावल्याचं पत्राने कळवलं.

म्हणून तर शिशुगृह हवं होतं. एलाद सकाळचे चार तास तिथे गेला तरच लेख वेळेवर जाणार होते. नाहीतर मेइरने स्पष्ट सांगितलं होतं, की मादाम ग्रेटांना सन्मानाने स्वर्गवासी करण्यात येईल.

"तूच लिहिलेत ना नियम?" शमशोन म्हणाला. "मग पाळ."

"ते पाळण्यासाठी नव्हते रे. वाचण्यासाठी होते."

सगळ्यांत घातक नियम सातवा. ‘घरात पन्नास वर्षांहून जुनी एक तरी वस्तू असावी. मुलाला काळाची जाणीव होते.’ पानात चार ओळी कमी पडत होत्या म्हणून सोफीने तो सुचला तसा लिहिला होता. विभागाने त्याला वीस गुण ठेवले. गावातली निम्मी माणसं माणशी एका सुटकेसनिशी देशात आलेली. काळाची जाणीव त्यांना भरपूर होती, वस्तू मात्र नव्हती. मग कुणीतरी याफोच्या जुन्या बाजारातून एक लंबकाचं घड्याळ आणलं. एका आठवड्यात ते सहा घरांत होतं. सहाव्या घरी तपासणीस बाईंनी शेरा लिहिला : ‘सुंदर घड्याळ. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं.’ सहाही घरांना वीस वीस गुण मिळाले.

सोफीला घड्याळाची गरज नव्हती. सासूबाईंचा तांब्याचा हंडा होता. लग्नात त्यांच्या आईने दिलेला, मुंबईहून बोटीने आलेला, वर ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि साल कोरलेला. आता तो गॅलरीत उभा होता आणि त्यात कांदे असत. चांगला काळा पडलेला, बुडाशी हिरवट. आणि मादाम ग्रेटांचा आठवा नियमच होता : ‘जुन्या तांब्यापितळेला कधीही घासू नये. त्यावरचा थर हाच त्याचा मान.’ म्हणजे एका हंड्यात दोन नियम. सोफीने बेरीज केली. तिचे त्रेसष्ट होत होते. तीन गुण शिल्लक टाकून ती निवांत झोपली.

तपासणीस निलीबाई सकाळी दहाला आल्या. हातात फळी, फळीला फॉर्म. पडद्यांचे गुण देऊन झाले (एक पडदा आतून हसत होता, त्याचे दोन कापले गेले), मसाल्याच्या डब्यांचे झाले, आणि सोफीने घसा साफ करून म्हटलं, "आता आमची जुनी वस्तू."

गॅलरीचं दार उघडलं. उन्हात हंडा असा लखलखत होता, की निलीबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"आई," सोफी मराठीत हळूच म्हणाली, "हे काय केलंत?"

"काय म्हणजे? पहाटे उठून घासला. चिंच लावली, मीठ लावलं, राखेनं काढला. फर्स्टक्लास झालाय."

"पण का?"

"घरात सरकारी इन्स्पेक्टर मॅडम येणार नि हंडा काळाकुट्ट? पेसाखच्या सणाला नाही का आपण सगळी भांडी उजळत? माणसं म्हणतील, शेगुलाच्या घरी सून आहे पण भांड्यांना हात लागत नाही. तुझ्याच अब्रूसाठी केलं, बाय."

निलीबाईंनी हंड्याला पेनाने टिचकी मारली. "नवीन आहे."

"साठ वर्षांचा आहे," सोफी म्हणाली. "त्यावर साल कोरलंय. हे बघा, एकोणीसशे अडतीस."

"हे आकडे नाहीत."

"आहेत. मराठीतले आहेत."

"फॉर्मवर सूचना आहे, आकडे आकड्यांतच हवेत." त्यांनी लिहिलं : सातवा नियम शून्य, आठवा नियम शून्य. "आणि समजा जुना असला, तरी घासलेला आहे. मादाम ग्रेटा या बाबतीत फार कडक आहेत."

"काय बोलते ती?" शेगुलाबाईंनी विचारलं.

"हंडा फार चमकतो म्हणते."

"मग? सांग तिला, चिंच कोळून घ्यायची, नुसती चोळायची नाही."

एकूण गुण एकतीस. एलादने निलीबाईंना दारापर्यंत सोडलं आणि वीसेक वेळा "लो" म्हटलं. त्याला सध्या हिब्रूतला ‘नाही’ हाच एक शब्द येत होता. पण तोही फॉर्मवर नोंदला गेला.

दुसऱ्या दिवशी सोफी नगरपालिकेत गेली. रात्रभर तळमळून तिने खरं सांगायचं ठरवलं होतं.

"मादाम ग्रेटा मीच आहे," ती म्हणाली. "आणि सातवा नियम मी चार ओळी भरायला लिहिला."

निलीबाईंनी कात्रणातल्या फोटोकडे पाहिलं, मग सोफीकडे. "तुम्ही नाही आहात."

सोफीने लेखांचे हस्ताक्षरातले खर्डे आणि मेइरची पत्रं टेबलावर ठेवली. निलीबाईंनी सगळं वाचलं, उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला. "कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"नवऱ्याला. सासूबाईंना. आणि संपादकांना."

"एकोणतीस मुलांचे प्रवेश झालेत, बाई. तुम्ही म्हणता मादाम ग्रेटा नाहीत. मग ते प्रवेश कुणाच्या नियमांनी झाले? उद्या कुणी कोर्टात गेलं तर विभाग काय दाखवणार? तुमच्या कांद्यांचा हंडा?"

"म्हणजे एकच जागा उरलीय?"

"मादाम ग्रेटा आहेत," निलीबाई ठामपणे म्हणाल्या. "आणि वादग्रस्त वस्तूंबाबत त्यांचं लेखी मत अंतिम मानलं जाईल. आत्ताच ठरलं. कागद देऊ का?"

सोफीने तिथेच बसून मत लिहिलं. ‘अतिथीच्या आदराखातर उजळलेलं तांबं न उजळलेल्या तांब्याहून अधिक जुनं मानावं. – ग्रेटा, व्हिएन्ना.’ हंड्याला दोन्ही नियमांचे पूर्ण गुण मिळाले. एकतिसाचे एकसष्ट झाले आणि एलाद तिसावा आला. पहिल्या दिवशी तो जो रडला, तो बाहेर एलातच्या बसमध्येही ऐकू गेला असेल. नियमाने नीटनेटक्या घरातली इतर एकोणतीस मुलंही त्याच्या जोडीला होती.

मिळालेल्या पहिल्या निवांत सकाळी सोफी पुढच्या वर्षाचे बारा नियम लिहायला बसली. विभागाने तशी रीतसर विनंतीच केली होती. तिने एकच नियम लिहिला : ‘मूल कसल्याही घरात वाढतं, उगाच घाबरू नका.’ आणि मेइरला फोनवर वाचून दाखवला.

"खरं आहे," मेइर म्हणाला. "पण हे कापून फ्रिजला कोण लावेल?"

सोफीने फोन ठेवला. मग ती ओळ खोडून लिहिलं : ‘दुसऱ्याच्या घरी गेल्यावर यजमानीण चहा करायला वळली, की खिडकीच्या कडेवरून बोट फिरवावं.’ तो अंक संध्याकाळपर्यंत संपला. दुसऱ्यांदा छापावा लागला.

आता तुम्हीही इथवर आला आहात. दोन पडदे, गॅलरीतले कांदे, उतू गेलेलं दूध, पहाटे राबणारी सासू आणि निवांत झोपलेली सून, हे सगळं वाचता वाचता सोफीला मनात गुण दिलेच असतील. संकोच करू नका, विभागाला कळवा. साठापेक्षा कमी दिले असतील तर सोबत स्वतःच्या घराचा पत्ता जोडावा.