किटलीचा डावा पाय

आमच्या वरच्या मजल्यावरचे पाटणकर किराणा मालाच्या यादीलाही रिव्हिजन नंबर घालतात. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं माझ्या गाडीतून खरेदीला जातो, तेव्हा त्यांच्या खिशातून घडी घातलेला कागद निघतो: ‘रिव्हिजन दोन. शेपू रद्द.’ शेपू का रद्द, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, कारण रिव्हिजन एकमध्ये दिलेलं आहे.

मूळचे नाशिकचे पाटणकर सव्वीस वर्षं दोह्यात आहेत. गॅस प्लँटच्या पाइपांची ड्रॉइंग तपासायची आणि दुसऱ्याच्या चुकीभोवती लाल पेनाने गोल काढायचा, हे त्यांचं काम. बायको चार वर्षांपूर्वी गेली. अल मुंतझा भागातल्या या इमारतीत आम्ही आलो ते त्यानंतर, त्यामुळे काकूंना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, खुर्चीत बसलेल्या.

गेल्या वर्षी पाटणकरांनी टॅब्लेट घेतला आणि स्वतः कार्टून फिल्म काढायला बसले. कार्टून म्हणजे एक चहाची किटली. कमरेवर हात ठेवल्यासारखा कान, पुढे आलेली चोच, खाली दोन पाय. स्वयंपाकघरातून निघायचं, टेबलापर्यंत चालत यायचं आणि ‘गार होतंय हं’ म्हणायचं. फिल्म एवढीच, अर्ध्या मिनिटाची.

पण पद्धत ऑफिसची. किटलीची प्रत्येक आवृत्ती ‘मंजुरीसाठी’ असा शिक्का मारलेल्या कागदासोबत माझ्याकडे यायची, कारण इमारतीत मराठी वाचणारा दुसरा इंजिनिअर नव्हता. मी नुसतं ‘छान आहे’ म्हटलं की ते हात वर करायचे. “देसाई, कॉमेंट लेखी द्या. तोंडी कॉमेंट म्हणजे गप्पा.” कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात असायचं, सात दिवसांत कॉमेंट न आल्यास मंजुरी गृहीत धरली जाईल. किटलीचे डोळे झाकणावर असावेत की पोटावर, यावर आमचा सव्वा महिना पत्रव्यवहार झाला. एक जिना उतरून ते उत्तर आणून द्यायचे. निर्णय झाला की म्हणायचे, “खलास. कॉमेंट क्लोज.”

मधेच एकदा पंधरा दिवस वरून चपलेचा आवाज येत राहिला. ठक, सर्रर. ठक, सर्रर. पाय मुरगळला असेल म्हणून मी मलम घेऊन वर गेलो. पाटणकर मोबाइल जमिनीवर ठेवून खोलीभर फेऱ्या मारत होते. किटलीच्या चालण्याचा आवाज रेकॉर्ड करतोय म्हणाले. मलम ठेवून घेतलं, पोचही दिली.

आता जे सांगायचंय ते मला सुखाचं नाही. रिव्हिजन सहा आली तेव्हा मी मॅच बघत होतो. फिल्म मी पाहिलीच नाही. लेकीच्या हातात फोन दिला. ती बघून म्हणाली, “बाबा, लेफ्ट फूट लेट येतोय. इट्स अ मिस्टेक.” मी मॅचवरची नजर न काढता लाल पेनाने लिहिलं, ‘डावा पाय घासतो. दुरुस्त करावा.’ खाली सही केली.

पाटणकरांनी कागद वाचला, घडी घातली आणि नेहमीसारखा वाद न घालता वर गेले. आठ दिवसांनी रिव्हिजन सात आली. किटली परेडला निघाल्यासारखी सरळ चालत होती. सोबत एक ओळ, ‘कॉमेंटची पूर्तता केली.’ त्यानंतर सगळं थंड. पुढचे दोन शुक्रवार ते टॅक्सीने खरेदीला गेले.

तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी मीच वर गेलो. किटलीची फाइल कपाटावर होती, वर चिठ्ठी, ‘काम स्थगित’. मी कारण विचारलं. ते टॅब्लेटची काच रुमालाने पुसू लागले.

“हिचा डावा पाय लहानपणापासून अधू होता,” ते म्हणाले. “मी इथे टेबलावर ड्रॉइंग तपासत बसायचो. मान वर न करता कळायचं, चहा आला. फोटो खूप आहेत हो. पण फोटोत माणसं बसलेली असतात. चाल कुठेच नाही राहिली.”

मग तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

“कॉमेंट आली की पूर्तता करायची, नाहीतर लेखी उत्तर द्यायचं. उत्तरात काय लिहिणार होतो?”

मी त्यांच्याच टेबलावरचं लाल पेन उचललं आणि लिहिलं, ‘आधीची कॉमेंट मागे. डावा पाय रिव्हिजन सहाप्रमाणे ठेवावा. तपासणाऱ्याने फिल्म पाहिली नव्हती.’

पाटणकरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तारीख राहिली,” ते म्हणाले.

मी तारीख घातली. मग त्यांनी रिव्हिजन सहा लावली आणि मी ती पहिल्यांदा पाहिली. पाटणकर बघत नव्हते. टेबलावरच्या कागदात मान घालून ते नुसते ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो, तेव्हा छतावरून आवाज आला. ठक, सर्रर. लेकीने वर पाहिलं. “अंकलचा पाय अगेन?”

“त्यांचा नाही,” मी म्हणालो, “काकूंचा.”