गाडीचा इन्व्हर्टर आणि प्रभावतीची अंडी

तयार जनरेटर विकत घेणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचाही आदर नाही. दुकानात जायचं, बोट दाखवायचं, डबा घरी आणायचा आणि दोरी ओढायची. ह्यात अक्कल ती कुठे लागते? माझा मेहुणा रुद्रेश ह्याच जातकुळीतला. मुळगावात राहतो, पूर्वी खाणीवर टिपर चालवायचा, आता टेम्पो चालवतो. यंदा चवथीला आम्ही त्याच्याकडे गेलो, तर ह्या गृहस्थाने गणपतीच्या आधी मला आपला नवा लाल जनरेटर दाखवला. वर म्हणाला, भावोजी, तुम्हालाही एक आणून देऊ काय? परतताना स्कूटरवरच मी बायकोला सांगितलं, "आपण जनरेटर घ्यायचा नाही. बनवायचा."

प्रभावती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिची संमती असते, असं मी लग्नापासून धरून चालतो.

आता जनरेटर हवा कशाला, ते सांगतो. प्रभावती अंडी उबवते. म्हणजे स्वतः नव्हे, मशीनमध्ये. तिच्या बचत गटातल्या बायका आपापल्या गावठी कोंबड्यांची अंडी हिच्याकडे आणून देतात, ही ती उबवून पिल्लं परत देते. पण आमच्या पेडण्यातली वीज म्हणजे सासरी आलेला जावई, कधी रुसेल सांगता येत नाही. मागच्या खेपेला ती दुपारभर गेली आणि सगळी अंडी थंड पडून वाया गेली. गटाची प्रमुख जानकी तोंडावर काही म्हणाली नाही, पण पुढच्या खेपेची अंडी देताना तिने हात आखडता घेतला. प्रभावतीने मला एवढंच सांगितलं की ही खेप गेली तर मशीन विकून टाकेन, पुन्हा कुणाच्या दारात अंडी मागायला जाणार नाही. मला वाईट वाटलं, आणि माझ्यावर जबाबदारी आली ह्याचा आनंदही झाला. (नवरे असेच असतात.)

मी तुयेच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. इंजिनियर नाही, पण इंजिनियर लोक ज्या वस्तूंशिवाय लंगडे पडतात त्या सगळ्या माझ्या कपाटात असतात. शिवाय मी एक व्हिडिओ पाहिला होता. (अर्धा. मग नेट गेलं.) त्यात हायब्रीड गाडीची मोटार आणि इन्व्हर्टर काढून एका परदेशी माणसाने घरभर वीज केली होती. इंजिनाने मोटार फिरवायची, मोटारीने वीज करायची, इन्व्हर्टरने ती घरात चालेल अशी करून द्यायची. वडिलांचा नांगरणीचा पॉवर टिलर मांगरात, म्हणजे मागच्या खोपट्यात, धूळ खात पडलाच होता, म्हणजे इंजिन घरचंच.

डिचोलीच्या वाटेवर सखारामचा मोडक्या गाड्यांचा अड्डा आहे. माणूस सिंधुदुर्गातला. त्याने दोन इन्व्हर्टर पुढ्यात ठेवले. एक मोठा, समोरून ठोकलेल्या गाडीतला, त्याला कोपऱ्यात पोचा होता. दुसरा धाकटा, पुरात बुडालेल्या गाडीतला, दिसायला सुबक, फक्त खाचांमध्ये थोडा चिखल. दोन्ही चालतात का विचारलं, तर म्हणाला, "गाडयेत होते तेव्हा चालत होते." ह्या उत्तरात जो कावा होता तो मला तेव्हाच कळायला हवा होता. पण मी तज्ज्ञाच्या भूमिकेत होतो. फणस पिकलाय का पाहतात तशी दोघांवर टिचकी मारली. दोन्ही सारखेच वाजले.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? देवाला विचारतो. आमच्याकडे घर बांधायचं असो, मुलगी द्यायची असो, देवीला प्रसाद लावल्याशिवाय पान हलत नाही. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. मी जरा सुधारणा केली. पुजारी साईशला म्हटलं, उजवी पडली तर मोठा इन्व्हर्टर, डावी पडली तर धाकटा. साईश घुटमळला. म्हणाला, देवीला हो की नाही एवढंच विचारतात, हे की ते असं विचारत नाहीत. मी म्हटलं, बाबा, तू गाऱ्हाणं घाल, तांत्रिक बाजू माझ्यावर सोड.

डावी पाकळी पडली, तीही क्षणात. देवीला घाईच झाली होती जणू. मी तडक जाऊन बुडालेल्या गाडीतला धाकटा आणि त्याच गाडीची मोटार घेऊन आलो.

घरी प्रभावतीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डावो प्रसाद म्हणजे नाय. ह्यां बारक्या पोरांक पण कळता." बायकांना पर्याय देऊन विचारण्याची पद्धतच ठाऊक नसते. मी तिला समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

जोडणी मी एकट्याने केली. टिलरच्या इंजिनाला पट्टा, पट्ट्याला मोटार, मोटारीला इन्व्हर्टर आणि घराच्या बोर्डापाशी एक खटका, वर केला की सरकारी वीज, खाली केला की माझी. चाचणीला रुद्रेशला मुद्दाम बोलावलं, जानकी आणि गटातल्या बायकाही आल्या. इंजिन धडाडलं, धूर झाला, मी उबवणीच्या मशीनचं बटण दाबलं आणि त्याच्यावरचा दिवा झळकला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जानकीने तर तिथल्या तिथे राखून ठेवलेली अंडीही देऊ केली. मी स्वावलंबनावर दोन शब्द बोललो, रुद्रेशकडे बघत. मग इंजिन बंद केलं.

दिवा पेटलेलाच राहिला.

"इंजिन बंद, तरी दिवो पेटताच आसा," प्रभावती म्हणाली.

"साठवलेली वीज," मी म्हटलं.

सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. खटका खाली करायचा राहून गेला होता, आणि जिला टाळ्या मिळाल्या ती सरकारी वीज होती, हे कळायला अजून अवकाश होता.

तो अवकाश एका रविवारी संपला. वाऱ्याने कुणाचा तरी माड तारांवर आडवा झाला आणि भर दुपारी वीज गेली. अंडी फुटायला आलेली. कान लावला तर कवचातून चिवचिव ऐकू येत होती. आता मशीन थंड पडणं म्हणजे त्या चिवचिवाटाचा गळा दाबणं. प्रभावतीने माझ्याकडे पाहिलं. लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर इतक्या विश्वासाने तिने पाहिल्याचं मला आठवत नाही.

मी हँडल मारलं. इंजिन सुरू. खटका खाली. दिवा नाही. खटका वर, खाली, वर. इन्व्हर्टर ढिम्म. पट्टा आवळला, वायरी ओढल्या, डब्याला दोन थपडाही दिल्या. शेवटी सखारामला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, त्या डब्याला हुकूम देणारा कंप्युटर गाडीत वेगळा असतो, त्याच्याशिवाय तो काही करत नाही. मी ओरडलो, मग मला दिला का नाहीस? तर म्हणाला, "तुमी मागलास खंय?" बघा, म्हणजे हा इन्व्हर्टरही शेवटी सरकारी कर्मचारीच, वरून आदेश आल्याशिवाय हलायचं नाही.

प्रभावतीने तोवर रुद्रेशला फोन केला होता. त्याचा लाल डबा नेमका मुळगावात भजनाला दिलेला, संध्याकाळच्या आधी आणता येणार नव्हता. मशीनचा काटा खाली सरकत होता. मी मात्र घाम निथळत इंजिन धावतं ठेवलं होतं, कारण ते बंद करणं म्हणजे हार मानणं.

तेवढ्यात ती बाल्दी घेऊन आली. टिलरच्या इंजिनाच्या डोक्यावर पाण्याची टाकी असते, इंजिन तापलं की ते पाणी उकळतं. तिने टाकीतलं कढत पाणी बाल्दीत घेतलं, टाकीत गार पाणी ओतलं आणि मांगराच्या मागून बियरच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. (त्यांचा ठावठिकाणा फक्त मला माहीत आहे, असा माझा समज होता.) बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यांत गुंडाळून तिने त्या अंड्यांच्या कडेने लावल्या. काटा थांबला, मग हळूच वर आला. दिवेलागणीला वीज येईपर्यंत ती बाटल्या बदलत राहिली आणि मी इंजिनाला डिझेल पाजत राहिलो.

पिल्लं निघाली. एखाददुसरं अंडं सोडलं तर सगळी. जानकीने पदरात पिल्लं घेतली आणि पुढच्या खेपेची अंडी आपणहून कबूल केली. प्रभावती त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

मी काय गप्प बसतो? कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. वीज गेलेली, गिझर बंद, अशा वेळी गरम पाणी आणणार कुठून? शेवटी माझ्याच यंत्राने पिल्लं वाचवली, फक्त जरा वेगळ्या वाटेने. लोकांनी माना डोलावल्या. दोघेजण चहाच्या पातेल्याकडे बघत हसले. का, ते मला उमगलं नाही.

प्रभावतीने मात्र जानकीला सांगताना इंजिनाचं नावही घेतलं नव्हतं. हे मला लागलं. एकदा जेवताना मी तिला विचारलंच, की त्या दिवशी माझं इंजिन नसतं तर तू काय केलं असतंस?

तिने माझ्या ताटात माशाचं हुमण वाढलं आणि अगदी मायेने म्हणाली, "घरात गॅस होतो की. पण तुमी इतके घामाघूम झाललास, म्हटलां तुमचांय कायतरी उपेगाक पडांदे."