बाबांच्या मापाचा जबडा

दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आधी बाबा बसले आणि तिथेच सगळा घोळ झाला. लेकीचा खालचा जबडा मागे राहिला होता. तो पुढे आणायला तिच्या मापाचं, दातांवर बसवायचं यंत्र थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्यायचं होतं. "अगं, काही दुखत नाही, हे बघ," म्हणत बाबांनीच आ वासला. मदतनीस बाईंनी कॅमेऱ्याची कांडी फिरवली आणि पडद्यावर गुलाबी जबडा तरंगू लागला. लेकीला ते ढगांतलं बेट वाटलं; मनाने ती तिथे राहायलाही गेली. मग तिचंही माप झालं. दोन्ही जबडे तिच्याच नावाखाली जमा झाले आणि छापायला गेला तो बाबांचा.

यंत्र आलं तेव्हा डॉक्टर रजेवर होते. "सुरुवातीला त्रास होतो, मग सवय होते," एवढं सांगून बाईंनी डबी हातात ठेवली.

त्रास म्हणजे केवढा! एका बाजूला टोचायचं, दुसऱ्या बाजूला डुगडुगायचं.

"आई, हे माझं नाहीच."

"मग काय शेजाऱ्यांचं आहे? तुझं लक्ष असतं का कधी जागेवर?"

दिवसाढवळ्या स्वप्नं बघणाऱ्या मुलीवर विश्वास कोण ठेवणार? वाढीचं वय सरलं की शस्त्रक्रियाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या धास्तीने आई हट्टाला पेटली आणि लेक उशीत तोंड खुपसून रडली.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी बाबा वैतागले. "आण इकडे! कसला एवढा बाऊ करतेस?" यंत्र धुऊन त्यांनी स्वतःच्या तोंडात घातलं. ते खट्कन बसलं. बाबांचा चेहरा पडला. हनुवटी मात्र रुबाबात पुढे आली.

आईने लेकीला जवळ ओढलं. "चुकलंच गं माझं. उद्याच जाऊन नवीन करून घेऊ. यांना घरी ठेवू."

बाबांना उत्तर द्यायचं होतं, पण तोंड भरलेलं. ते रुसून आडवे झाले आणि यंत्र तोंडात असतानाच त्यांचा डोळा लागला. पडदे हलके हलत होते, जमिनीवर ऊन पसरलं होतं, आणि घरात कसलातरी आवाज कमी होता. मायलेकी कान देऊन ऐकत राहिल्या. बाबा घोरत नव्हते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच!

"आई, हे उद्या परत द्यायचं ना?"

"हळू बोल," आई डोळे मिटूनच पुटपुटली. "तू हरवलंस म्हणून सांगू. डॉक्टरांना लगेच पटेल."