सेतूची मोटार आणि एक रजिस्टर पत्र

अनिरुद्धरावांनी मोटार घेतली ती रागाच्या भरात. चौऱ्याण्णव साल होतं. समोरच्या रघोजीने नवीकोरी गाडी आणून दारात उभी केली आणि रोज सकाळी ती पुसताना तो अनिरुद्धरावांकडे बघून हसू लागला. (रघोजी सगळ्यांकडेच बघून हसायचा, पण हे अनिरुद्धरावांना कोण सांगणार?) आठवड्याच्या आत ते ओरत्तनाडूला गेले आणि मेहुण्याची, म्हणजे सेतुमाधवची, आठ वर्षं वापरलेली मोटार घेऊन आले.

"घरातलीच गाडी आहे, भावजी. मला कधी दगा दिला नाही तिनं," सेतू म्हणाला होता.

तंजावूरला घरी परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मोटार सुरू होईना. बॅटरी उतरलेली. राजवाड्यामागच्या त्यांच्या अरुंद गल्लीत चौघांनी ढकलली तेव्हा ती खोकत चालू झाली. ढकलणाऱ्यांत रघोजी होता आणि तो हसत होता. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दुकानदाराने बॅटरी म्हातारी झाली म्हणून नवी दिली. नवी तिसऱ्या दिवशी म्हातारी झाली. मग एकाने पट्टा सैल आहे म्हणून घट्ट केला. दुसऱ्याने डायनमो चार्ज करत नाही म्हणून तो उघडला, साफ केला, बसवला आणि वर सांगितलं, "साहेब, तसा तो चांगलाच होता."

अनिरुद्धराव रेव्हेन्यू ऑफिसात हेडक्लार्क. रागाने लाल झालेल्या लोकांचे अर्ज शांतपणे फायलीला लावण्यात त्यांची हयात गेलेली. पण स्वतःचा राग लावायला त्यांच्याकडे फाईल नव्हती. तो ते घरात लावत. "दार नीट लावलं नसेल तुम्ही कुणी," असं ते बायकोला, महालक्ष्मीला, म्हणत. "मी त्या गाडीत अजून बसलेली नाही," ती म्हणे. मुलगी नित्या काहीच म्हणत नसे. दोन महिन्यांवर तिचं लग्न होतं, तिला वडिलांशी भांडण परवडणारं नव्हतं.

शेवटी घडायचं ते व्याह्यांसमोरच घडलं. मुलाचे वडील गुरुमूर्ती, निवृत्त हेडमास्तर, मुहूर्ताची बोलणी आणि याद्या करायला आले होते. त्यांना स्टेशनवर सोडायला अनिरुद्धरावांनी हट्टाने मोटार काढली. मोठ्या देवळासमोर पूजेची फुलं घ्यायला पाच मिनिटं थांबले, आणि मोटार गप्प. आगगाडीची वेळ होत आलेली. रिक्षा एकही नाही. गुरुमूर्तींनी चष्मा खिशात ठेवला, नेसलेली वेष्टी वर खोचली आणि मागून ढकलायला लागले. देवळातून बाहेर येणारे लोक थांबून बघत होते. त्यांतल्या दोघांनी वाकून नमस्कार केला, कारण ते हेडमास्तरांचे जुने विद्यार्थी निघाले.

त्या दुपारी अनिरुद्धरावांनी सेतूला पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहून त्यांचं समाधान होईना, तामिळमध्ये हात थांबेना पण मन भरेना. ठेवणीतल्या शिव्या सगळ्या आजीकडून आलेल्या, त्या मराठीतच उमटत होत्या. शिवाय अख्ख्या गल्लीत देवनागरी लिहिता येणारे ते एकटेच, याचा त्यांना फार अभिमान. दोन पानं भरली. शेवटी लिहिलं की नित्याच्या लग्नात मामा म्हणून पाऊल ठेवू नकोस. आणि पत्र रजिस्टर करून आले.

संध्याकाळी सुब्रमण्यम आला. हा म्हातारा इलेक्ट्रिशियन, ट्रकवाल्यांचा. त्याने कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. बॅटरीची एक तार काढली आणि तार आणि बॅटरी यांच्या मध्ये एक छोटा बल्ब धरला.

"सगळं बंद आहे ना, साहेब?"

"सगळं."

"मग हा पेटायला नको."

बल्ब छान पेटला होता. सुब्रमण्यमने एकेक करून सगळे फ्यूज काढले. बल्ब पेटलेलाच. मग त्याने टॉर्च घेतला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. आतून आवाज आला, "ही लाल तार कुठल्या शहाण्यानं थेट बॅटरीला जोडली?"

महालक्ष्मी म्हणाली, "यांनीच. गाडी आणली त्याच दिवशी कॅसेट प्लेयर बसवला. किल्ली काढली तरी गाण्याची कचेरी ऐकता यावी म्हणून."

"मी तो रोज बंद करतो," अनिरुद्धराव म्हणाले.

"कसा?"

त्यांनी बटण फिरवून आवाज शून्यावर आणून दाखवला.

सुब्रमण्यमने बाहेर येऊन हात पुसले. "साहेब, तुम्ही गाणाऱ्याचं तोंड दाबलंत. गाणारा आत जागाच आहे, रात्रभर जेवतोय." मग त्याने शेजारचं दुसरं बटण दाबलं. बल्ब विझला. "गाडीत दोष नाही. फार चांगली ठेवलेली गाडी आहे."

महालक्ष्मीने समाधानाने मान हलवली. "तरी मी म्हणत होते, सेतू खोटं बोलायचा नाही. अहो, असे का बसलात? काय झालं?"

"मी त्याला पत्र टाकलं."

"काय लिहिलंत?"

"थोडं स्पष्ट."

महालक्ष्मी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पोस्टातली थैली केव्हाच गेली होती. ओरत्तनाडूला फोन करावा तर काय सांगावं हे सुचेना. तिसऱ्या दिवशी, रविवारी, अनिरुद्धराव मोटार घेऊन निघाले. ती एका झटक्यात सुरू झाली, याचाही त्यांना राग आला.

सेतू अंगणात होता. पळत आला, हात धरून आत घेऊन गेला. "भावजी, तुमचं पत्र आलं. रजिस्टर. मराठीत. मला मराठी बोलता येतं, पण तामिळशिवाय कुठलं वाचता येतंय? पण आम्ही ते देवापुढे ठेवलंय. आमच्या घराला मराठीत पत्र कुणी लिहिलंय आजवर? आता तुम्हीच वाचून दाखवा."

अनिरुद्धरावांनी पत्राची घडी उघडली, घसा साफ केला आणि वाचू लागले. "चिरंजीव सेतू यास अनेक आशीर्वाद. तुझी मोटार म्हणजे लक्ष्मी. असली गाडी मी दुसरी पाहिली नाही." (मूळ पत्र 'सेतुमाधव यास कळवण्यात येते की' इथून सुरू होत होतं.) दोन्ही पानं त्यांनी अशीच गोड करून संपवली. लग्नात मामाशिवाय आमचं पान हलणार नाही, या वाक्यावर सेतूने डोळे पुसले.

सेतूची बायको सुंदरी कॉफी घेऊन आली होती आणि दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने कॉफीचा डवरा-टंबलर खाली ठेवला, पत्र हातात घेतलं.

"मी जूनपासून हिंदीच्या क्लासला जाते, भावजी. अक्षरं तीच आहेत म्हणून बसले लावत. दोन ओळी झाल्या. तिसरीत अडले." तिने बोट ठेवलं. "असला गा-ठ-व मी दुसरा पाहिला नाही. गाठव म्हणजे काय?"

"गाडी असेल," सेतू म्हणाला.

"नाही. ठ आहे. ढ असता तर गाढव झालं असतं."

अनिरुद्धरावांनी सेतूकडे पाहिलं. हा माणूस उद्या मांडवात त्यांच्या पोरीशेजारी उभा राहणार होता. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पत्र मांडीवर घेतलं आणि ठ चा ढ केला.

सेतूने वाकून तो ढ बघितला. "कुणाबद्दल आहे हे, भावजी?"

"खाली ज्याची सही आहे, त्याच्याबद्दल." आणि मग त्यांनी लाल तारेपासून सगळं सांगून टाकलं.

सेतू आधी गंभीर होता. मग त्याचे खांदे हलू लागले आणि कॉफी सांडली. "लग्नाला मी येणार," तो कसाबसा म्हणाला. "पण बसने."

सुंदरीचं लक्ष अजून पत्रातच होतं. "भावजी, पेन राहू दे बाहेर," ती म्हणाली. "सहीतला द्ध पण चुकलाय."